बेकु किती, साकु किती?

पहाटेचे साडेपाच वाजले होते. आमच्या शहापूरच्या घरात अजून चहाचे आधणही चढले नव्हते, तोच अमेरिकेतून जावईबापूंचा फोन आला. ‘मामा, सौंड केळ्री!’ एवढेच म्हणून त्यांनी फोन कशापाशी तरी धरला. पलीकडून आवाज आला – धड... धडधड... धड... धड. एखाद्या ढोलवाल्याने मुद्दाम ताल चुकवावा तसा. मी कान देऊन ऐकत होतो. शेजारी अंथरुणात उठून बसलेली आमची ही म्हणाली, ‘गाडी बंद पडतेय वाटतं त्यांची.’

वाचकहो, हिला जो आवाज बंद पडणाऱ्या गाडीचा वाटला, त्याच आवाजासाठी अमेरिकेत हौशी माणसे बँकेतली शिल्लक रिकामी करतात. त्या आवाजाची आणि त्यापायी आमच्या एका घरात झालेल्या गोंधळाची ही गोष्ट. चाळीस वर्षे उद्यमबागेत इंजिने खोलून जोडण्यात गेली. ‘हे सदर म्हणजे तुमचं गॅरेजच आहे’ असे एका वाचकभगिनीने मागे लिहिले होते, ते खरेच आहे. आज मात्र गॅरेज जरा लांबचे आहे.

माझी भाची डेट्रॉइटजवळ रॉयल ओक या गावात राहते. जावई धारवाडचे. त्यांच्या घरची भाषा कन्नड, आमची मराठी. नऊ वर्षांचा नातू वडिलांशी कन्नड, आईशी मराठी आणि रागावला की दोघांशीही इंग्रजी बोलतो. जावयांचे वडील धारवाडात टॅक्सी चालवीत. अ‍ॅम्बॅसॅडर. शाळेतून आले की पोरगा गाडीखाली झोपलेल्या बापाच्या हातात पाने द्यायचा. वडील आता नाहीत. पोरगा इंजिनिअर होऊन डेट्रॉइटला गेला, आणि तिथे त्याने घेतली १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल.

या गाडीच्या जातीला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. पैलवानी गाडी म्हणा. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवले आणि तिला जीटीओ हे नाव दिले. या पिढीची सुरुवात सहसा तिथपासून धरतात. मग सगळ्याच कंपन्या या आखाड्यात उतरल्या. डेट्रॉइटहून पाँटिअ‍ॅक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पोरे रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावत. १९७० च्या सुमारास हा जोर शिगेला पोचला. पुढे धुराचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि पैलवान घरी बसले. आज हौशी लोक त्यांना पुन्हा तालमीत आणतात. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्याच वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते आणि लाखो माणसे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून ती बघतात. बायकापोरांना गाडीत बसवून त्या जत्रेत जायचे, हे जावईबापूंचे स्वप्न.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघे चार महिन्यांसाठी तिकडे गेलो. तिसऱ्या दिवशी जावई कामावर गेल्यावर भाची चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, ‘मामा, तुमचं ते ऐकतात. ती गाडी विकायला सांगा.’

मी म्हटले, ‘का गं? तुझ्या दागिन्यांत खर्च कापला काय?’

ती हसली नाही. एप्रिलमध्ये मुलाला खेळाच्या मैदानावरून आणायला ती शेव्हेल घेऊन गेली होती. गर्दीत थांबत-थांबत येताना सिग्नलला तिने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखे कडक. दोन्ही पाय रोवून दाबले तेव्हा गाडी थांबली, पण पांढरी रेघ ओलांडून, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मध्ये तीन हातांचे अंतर उरले.

‘त्यांना सांगितलंस?’

‘ब्रेक जड लागतो एवढंच सांगितलं. बाबागाडीचं नाही सांगितलं. गाडी बघताना त्यांचं तोंड बघितलंय ना तुम्ही? कसं सांगू?’

गाडी मी त्याच दुपारी बघितली. ब्रेकचे पॅड ठीक, तेल ठीक, कुठे गळती नाही. मग इंजिन चालू केले. तोच आवाज, धड... धडधड... धड. चाळीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप व्हॅक्यूम गेजकडे गेला. हे गेज म्हणजे इंजिनाच्या नाडीवर ठेवलेला वैद्याचा हात. निरोगी, साध्या इंजिनात, ते नुसते चालू असताना, काटा १७ ते २० इंच दाखवतो. इथे तो नऊ आणि दहाच्या मध्ये थरथरत होता.

आता हे ब्रेकशी कसे जोडले आहे ते सांगतो. पॉवर ब्रेकमध्ये पेडल आणि तेलाचा पंप यांच्यामध्ये एक मोठा डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने डब्यात व्हॅक्यूम तयार होतो आणि तो आपल्या पायाला मदत करतो. बूस्टरला साधारण १५-१६ इंच तरी हवेत. कमी असले तर पहिला ब्रेक लागतो, दुसरा लागतो, आणि गर्दीत लागोपाठ तिसऱ्यांदा दाबला की डबा रिकामा. पेडल दगड. म्हणजे दोष ब्रेकचा नव्हताच. दोष होता इंजिनाच्या पोटातल्या एका दांड्याचा. त्याचे नाव कॅमशाफ्ट.

कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर फुगीर उंचवटे असलेला लोखंडी दांडा. आम्ही त्या उंचवट्यांना लोब म्हणतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. फिरताना लोब टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनातही हीच रचना. शेव्हेलमध्ये सिलिंडर आठ आणि आकार ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटर, एवढाच फरक.

पेट्रोल-हवा कधी आत यावी, धूर कधी बाहेर जावा, हे सगळे कॅम ठरवतो. बसचे उदाहरण घ्या. बेळगावच्या स्टँडवर कोल्हापूरची बस लागली आहे. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे. दार किती रुंद उघडते, ती झाली लिफ्ट. किती वेळ उघडे राहते, ते ड्युरेशन. ते क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. आणि दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप.

गणपतीच्या सुट्टीतली गर्दी असेल तर दारे जास्त वेळ उघडी ठेवणे फायद्याचे. उतरणाऱ्यांच्या लोंढ्यामागून चढणारे आपोआप आत ओढले जातात, आणि बस हलू लागली तरी मागचा रेटा आणखी चार जणांना आत कोंबतो. इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांनी पळते तेव्हा वायूला असाच रेटा असतो. मोठ्या कॅमची ताकद तिथे दिसते. पण दुपारी तीनच्या रिकाम्या स्टँडवर तीच दारे तशीच उघडी ठेवा. मागून चढलेला माणूस पुढच्या दाराने सरळ उतरून जातो, आणि बसलेला ‘अजून वेळ आहे’ म्हणून चहाला जातो. कमी फेऱ्यांवर मोठ्या कॅमचे हेच होते. आत आलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर, थोडा धूर उलटा आत, आणि व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे वर येणारा पिस्टन भरलेला माल परत ढकलतो. एक सिलिंडर पेटतो, दुसरा अर्धवट पेटतो, तिसरा चुकतो. तोच तो धड-धडधड आवाज! जो कानाला ताकदीचा वाटतो, तो त्या क्षणी इंजिनाच्या दुबळेपणाचा आवाज असतो.

संध्याकाळी जावई आले. मी म्हटले, ‘जावईबापू, तुमचा हा कॅम कोणता?’ आधीच्या मालकाने दिलेला कागद त्यांनी आणला. ड्युरेशन २४० अंश, दोन लोबच्या मध्यांतले अंतर १०८ अंश. हा २४० चा आकडा टॅपेट ०.०५० इंच उचलल्यापासून मोजलेला. वाचकांपैकी कोणी कधी कॅम घेणार असेल तर हीच मोजणी बघावी. जाहिरातीतला मोठा आकडा प्रत्येक कारखाना वेगळ्या उंचीपासून मोजतो, त्यामुळे दोघांच्या आकड्यांची तुलना होत नाही.

२४० हा शर्यतीच्या वाटेवरचा कॅम. तुलनेसाठी सांगतो. त्या काळात शेव्हरोलेने घरगुती ३५० इंजिनात जो साधा कॅम घातला, त्याचे ड्युरेशन याच मोजणीने आतल्या व्हॉल्व्हला १९५ आणि बाहेरच्याला २०२ अंश होते. शर्यतीचे कॅम त्याच कंपनीकडे नव्हते असे नाही. झोरा अर्कस-डंटोव्ह या त्यांच्या प्रसिद्ध इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा एक कडक कॅम १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरो झेड-२८ मध्ये होता. पण ती गाडी ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या नियमासाठी, ५ लिटरच्या आत बसणाऱ्या ३०२ घन इंची इंजिनाची. तिला ऑटोमॅटिक गिअर मिळतच नसे, चार गिअरचा हातगिअरच घ्यावा लागे. म्हणजे कॅम कडक, तर त्याच्याभोवतीची गाडीही तशीच कडक. कंपनीने कॅम एकटा कधीच निवडला नाही.

आमच्या शेव्हेलमध्ये मात्र कॅम एकटाच पैलवान होता. इंजिन कुठले हे बघायला मी ब्लॉकवरचे ओतीव आकडे आणि पुढच्या पट्टीवरचा ठसा पुसून काढला. फाउंड्रीच्या गावचा माणूस ओतीव आकडे वाचल्याशिवाय राहतो काय? इंजिन ३५०च, पण १९६९ च्या गाडीचे नव्हे. सत्तरच्या दशकातल्या ट्रकचे, कमी कॉम्प्रेशनचे. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या आणि बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवले होते, त्या काळातले. आधीच्या मालकाने ट्रकच्या थंड इंजिनात शर्यतीचा कॅम घालून आवाज विकला होता.

मोठ्या कॅमला कॉम्प्रेशन जास्त लागते, कारण व्हॉल्व्ह उशिरा मिटल्याने थोडा दाब वाया जातो. कॉम्प्रेशन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त ऑक्टेनचे. जास्त फेऱ्या म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक. कमी फेऱ्यांवर ओढ नाही म्हणून ऑटोमॅटिक गिअरचा कन्व्हर्टर तीन हजारांच्या आसपास पकडणारा हवा, मागच्या एक्सलचे गिअर आखूड हवेत, आणि हायवेवर मग इंजिन ओरडत राहणार. एक धागा ओढला की सगळे लुगडे उसवते. इथे यातले काहीच बदललेले नव्हते. म्हणून सिग्नलला गाडी अडखळायची, तीन हजारांच्या खाली मरगळलेली असायची. इंजिन बंद पडू नये म्हणून फेऱ्या चढवून ठेवलेल्या, त्यामुळे थांबल्यावरही ती पुढे सरकायला बघायची.

जावयांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, ‘मामा, व्हॅक्यूमचा इलेक्ट्रिक पंप मिळतो. तो बसवू या. कॅम राहू दे. आवाज बेकु.’

तसे पंप मिळतात आणि चालतातही. मी काही बोलायच्या आत भाची गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने बाबागाडीची गोष्ट सांगितली. तीन हातांच्या अंतरासकट. मागच्या सीटवर मुलगा होता हेही सांगितले.

जावई बराच वेळ गेजच्या काट्याकडे बघत राहिले. मग चावी फिरवून त्यांनी इंजिन बंद केले आणि म्हणाले, ‘साकु, मामा. इष्टे साकु. आता सांगा काय करायचं.’

आपल्या सीमाभागातल्या घरांत ‘बेकु’ आणि ‘साकु’ हे दोन शब्द पोरांना आई-बाबांच्याही आधी येतात. इंजिन बांधायलाही तेवढेच दोन लागतात. मी वही घेतली आणि आमच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला विचारत असे तेच प्रश्न जावयांना विचारले. गाडी कोण चालवणार? दोघेही. कुठे? गावात, सिग्नलला, वर्षातून चार वेळा हायवेवर. इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर राहणार? हजार ते चार हजार. गाडीचे वजन? दीड टनाच्या पुढे. गिअर? ऑटोमॅटिक, कन्व्हर्टर साधा. मागचा एक्सल? ३.०८, म्हणजे हायवेचा. पॉवर ब्रेक हवा? हवाच. पेट्रोल? पंपावर मिळते ते. तिकडच्या पंपावरचा ८७ चा आकडा आपल्याकडच्या साधारण ९१ बरोबर असतो, मोजायची पद्धत वेगळी आहे म्हणून.

एवढी उत्तरे लिहिली की कॅम आपणहून समोर येतो. आतल्या व्हॉल्व्हला २१४ अंश, बाहेरच्याला २२४, मध्यांतर ११२. बाहेरचा जरा मोठा, कारण या जुन्या हेडमध्ये धूर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा अरुंद असते. मध्यांतर वाढले की ओव्हरलॅप कमी होतो आणि इंजिन शांत चालते. इंजिन जितके मोठे, तितका तोच कॅम सौम्य वाटतो हेही ध्यानात ठेवावे. ३०२ मध्ये जो खवळतो, तो ४५४ मध्ये मांजर होतो. आणि दोन कॅममध्ये मन अडकले तर लहान घ्यावा. तिकडचे जुने मिस्त्रीही हेच सांगतात आणि उद्यमबागेतलेही. लहान कॅमने शेवटची थोडी ताकद जाते, मोठ्या कॅमने रोजची गाडी जाते.

जून महिन्यात इंजिन खोलले. बोअर झिजले होते, म्हणून तिथल्या एका मशीन शॉपमधून ३० थाउचे ओव्हरसाइज बोअरिंग करून घेतले. वाटीसारखे खोल पिस्टन काढून सपाट माथ्याचे घातले, हेड ६४ सीसीच्या खोलीचे घेतले. हिशेबाने कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास आले. लोखंडी हेड आणि पंपावरचे चांगले पेट्रोल यांना ते सोसते.

जुना कॅम काढताना टॅपेट निघाले, ते दिसायला चकचकीत. जावई म्हणाले, ‘हे तर चांगले आहेत. हेच वापरू या काय?’

माझा हात थांबला. १९८८ सालची गोष्ट आहे. एका टॅक्सीवाल्याची अ‍ॅम्बॅसॅडर माझ्याकडे आली होती. लग्नसराई तोंडावर, पैशाची ओढाताण. कॅम नवा घातला, आणि त्याचे चार पैसे वाचावेत म्हणून टॅपेट जुनेच ठेवले. मला माहीत होते. आमच्या उस्तादांनी पहिल्या वर्षीच शिकवले होते की जुना टॅपेट नव्या कॅमवर ठेवू नये. लोबचा माथा अगदी सपाट नसतो, किंचित उतरता असतो. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. त्यामुळे टॅपेट दर ठोक्याला थोडा थोडा गोल फिरतो आणि दोघे सारखे झिजतात. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबशी जमलेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही, खरवडतो. वीस दिवसांत तीन लोब घासून गोल झाले आणि त्यांचा चुरा तेलातून बेअरिंगांत गेला. ऐन लग्नसराईत टॅक्सी महिनाभर उभी. इंजिन मी माझ्या खर्चाने पुन्हा बांधले, पण त्या माणसाचा बुडालेला धंदा कुठून भरून देणार? तो काही बोलला नाही. पुन्हा आला मात्र नाही.

ही गोष्ट मी हिलाही कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितली. जावई म्हणाले, ‘अप्पांची गाडी पण एकदा अशीच उभी होती. महिनाभर घरात अन्नसारूच.’ ती दुसरी गाडी, दुसरे मिस्त्री. तरी मला खाली बघावेसे वाटले. नवे सोळा टॅपेट त्याच रात्री मागवले.

रोलर टॅपेटचा कॅम घेतला असता तर ही घासण्याची भानगडच नव्हती. १९८७ पासून कंपनीच या इंजिनात तसे कॅम घालू लागली. पण जुन्या ब्लॉकला रोलर बसवायचे तर खास जोडीचे टॅपेट आणि नवे पुशरॉड लागतात, खर्च चांगलाच वाढतो. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावा. आम्ही साधाच ठेवला आणि नियम पाळले.

ते नियम थोडक्यात. कॅमवर वेळेचे गिअर नुसते खुणा जुळवून बसवायचे नाहीत. क्रँकवर अंशांची चकती लावून कॅम खरोखर कुठे उघडतो ते मोजायचे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात आतल्या बाजूला निदान ८० थाउ, बाहेरच्या बाजूला १०० थाउ जागा हवी. ती बघायला पिस्टनच्या माथ्यावर मातीची वडी ठेवून इंजिन हाताने फिरवायचे आणि वडी कापून जाडी मोजायची. नातवाची खेळायची निळी माती कामी आली. लोब आणि टॅपेटच्या तळाला कॅमचे खास वंगण चोपडायचे. इंजिन सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने तेलाचा पंप फिरवून सगळीकडे तेल पोचवायचे. आणि एकदा सुरू झाले की त्याला शांत बसू द्यायचे नाही. २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस ते तीस मिनिटे वर-खाली करत पळवायचे. कारण लोबला तेल मिळते ते फिरत्या क्रँकच्या शिंतोड्यांतून. फेऱ्या कमी तर शिंतोडे कमी. तेलही जस्ताचे प्रमाण जास्त असलेले हवे. नव्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेले असते, कारण त्याच्याबरोबरचा फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. जुन्या इंजिनाला मात्र तेच जीवन असते.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात पेटले. अर्धा तास झाला, फेऱ्या खाली आणल्या आणि गेज लावले. काटा साडेसतरावर येऊन स्थिर उभा राहिला. भाचीने सीटवर बसून ब्रेक पाच वेळा लागोपाठ दाबला. पेडल पाचही वेळा मऊ.

आवाज? सरळ, एकसारखा, खालच्या पट्टीतला. मधले अडखळणे गेले. जावयांनी डोळे मिटून ऐकले. थोडी निराशा झाली त्यांची, खोटे कशाला लिहू? आवाज हवा म्हणून गाडी घेतलेला माणूस तो. पण नंतर गावातून एक चक्कर मारून आले तेव्हा म्हणाले, ‘मामा, पेडलला पाय लावला की निघते. आधी विचार करून निघायची.’

नातवाला मी या इंजिनाचा पेटण्याचा क्रम शिकवला, १-८-४-३-६-५-७-२. त्याने तो कन्नडात पाठ केला. ओंदु, एंटु, नाल्कु, मूरु, आरु, ऐदु, एळु, एरडु. पाढ्यासारखा घरभर म्हणत फिरायचा. आजीने त्याला तो मराठीत म्हणायला लावला, तर म्हणाला, ‘आज्जी, इंजिनाला कन्नडच कळतं. अप्पाचं आहे ना ते.’

ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या जत्रेला आम्ही पाचही जण गेलो. चाक भाचीच्या हातात होते. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, आणि रस्ता मुंगीच्या चालीने पुढे सरकत होता. थांब, निघ, थांब, निघ. अख्ख्या दुपारी तिने किती वेळा ब्रेक दाबला असेल, मोजले नाही. एका सिग्नलला आमच्या शेजारी एक काळी गाडी उभी राहिली. तिचा तोच आवाज, धड... धडधड... धड. जावई तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी आमच्या ब्रेकच्या पेडलावर ठेवलेल्या बायकोच्या पायाकडे बघितले आणि काच वर केली.

सप्टेंबरमध्ये आम्ही परत आलो. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला पुन्हा फोन. ‘मामा, सौंड केळ्री!’ मी फोन हिच्या कानाला लावला. तिने जरा वेळ ऐकले आणि म्हणाली, ‘हं. आता चालू झाली वाटतं.’